एन्गानूचे दोन पराभव आणि एक करार

बॉक्सिंगच्या नोंदवहीत फ्रान्सिस एन्गानूच्या नावापुढे दोन लढती आहेत, दोन्ही हरलेल्या. पहिली २८ ऑक्टोबर २०२३ ला टायसन फ्युरीविरुद्ध, गुणांवर. दुसरी ८ मार्च २०२४ ला अँथनी जोशुआविरुद्ध, दुसऱ्याच फेरीत नॉकआउट. दोन्ही रियाधमध्ये. एवढ्यावरून कुणी म्हणालं की एमएमएचा (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या, पिंजऱ्यात लढल्या जाणाऱ्या खेळाचा) गडी बॉक्सिंगची हौस भागवायला गेला आणि मार खाऊन आला, तर नोंदवहीपुरतं ते खरंच आहे. पण या दोन लढतींसाठी त्याने आधी काय सोडलं, कुठल्या करारावर सही केली आणि कुठल्या करारावर केली नाही, हे शेजारी ठेवलं की हिशेब बदलतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बॉक्सर म्हणून एन्गानूची आठवण एका फेरीपुरती राहील. एमएमएतली कारकीर्द त्याने ऐन भरात असताना स्वतःच थांबवली आणि त्याची भरपाई झालेली नाही. खेळाडूने मालकासमोर कसं बसावं, या बाबतीत मात्र त्याने जे केलं ते त्याच्या आधीच्यांना जमलं नव्हतं.

मुळात जायचं होतं बॉक्सिंगलाच

एन्गानू १९८६ साली कॅमेरूनच्या पश्चिम भागातल्या बातिए गावात जन्मला. आईवडील लहानपणीच विभक्त झाले. दहा-बारा वर्षांचा असताना तो वाळूच्या खाणीत कामाला लागला, फावड्याने वाळू उपसून ट्रक भरायचा. त्याच्या ताकदीचं मूळ या खाणीत शोधणं सगळ्या वृत्तलेखकांना आवडतं. मला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्या वयात त्याच्या डोक्यात एमएमए नव्हतंच. माइक टायसनसारखा बॉक्सर व्हायचं होतं. बाविसाव्या वर्षी त्याने बॉक्सिंगचा सराव सुरू केला आणि २०१२ मध्ये घर सोडलं. नायजेरिया, नायजर, अल्जीरिया करत मोरोक्को. तिथून समुद्रमार्गे स्पेन गाठायचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसले, अखेर एकदा जमलं, तर बेकायदा प्रवेशाबद्दल तुरुंगवास. २०१३ च्या जूनमध्ये तो पॅरिसला पोचला. राहायला जागा नव्हती, काही काळ एका पार्किंगमध्ये झोपला.

पॅरिसमध्ये त्याला सांगण्यात आलं की या शरीराला एमएमएत लवकर पैसे मिळतील. ‘एमएमए फॅक्टरी’ या जिममध्ये फेर्नां लोपेझ या प्रशिक्षकाच्या हाताखाली तो तयार झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पहिली लढत लढला. म्हणजे दहा वर्षांनी तो रियाधच्या रिंगणात उतरला तेव्हा लोक ज्याला खेळ बदलणं म्हणत होते, ते त्याच्या दृष्टीने घरून निघताना ठरवलेल्या ठिकाणी उशिरा पोचणं होतं. ‘पैशासाठी गेला’ आणि ‘स्वप्नासाठी गेला’ या दोन तटांत चाललेला वाद म्हणूनच पोकळ आहे. पैसा आणि स्वप्न या वेळी एकाच पत्त्यावर होते.

एमएमएतली कामगिरी थोडक्यात. २०१५ च्या डिसेंबरमध्ये यूएफसीत, म्हणजे एमएमएच्या सगळ्यात मोठ्या संस्थेत, पदार्पण. २०१७ च्या डिसेंबरमध्ये अॅलिस्टर ओव्हरीमला एका ठोशात झोपवलं, तो व्हिडिओ जगभर फिरला. जानेवारी २०१८ मध्ये जगज्जेत्या स्टीपे मिओचिचने त्याला पाच फेऱ्या जमिनीवर लोळवून दमवलं. पुढची डेरिक लुईसविरुद्धची लढत इतकी रटाळ झाली की प्रेक्षकांनी दोघांची हुर्यो उडवली. त्यानंतरचे चार प्रतिस्पर्धी मात्र मिळून तीन मिनिटंही टिकले नाहीत. २७ मार्च २०२१ ला त्याने मिओचिचला दुसऱ्या फेरीत नॉकआउट करून हेवीवेटचा पट्टा घेतला.

पट्टा राखण्याची एकमेव लढत २२ जानेवारी २०२२ ला झाली, सिरिल गानविरुद्ध. गान पॅरिसच्या त्याच जिमचा, आणि त्याच्या कोपऱ्यात उभे होते तेच लोपेझ. एन्गानूचा गुडघा आधीच जायबंदी होता. पहिल्या दोन फेऱ्या हातातून गेल्यावर ज्याला सगळे निव्वळ ठोसेबाज समजत होते त्या माणसाने गानला उचलून आपटायला सुरुवात केली आणि कुस्तीच्या जोरावर गुणांवर जिंकला. ही लढत लक्षात ठेवा. हा माणूस नवं शिकू शकतो याचा तो पुरावा होता, आणि फ्युरीच्या गोटाने तो गंभीरपणे घेतलेला दिसत नाही.

करार

गानविरुद्धच्या लढतीचं एन्गानूचं जाहीर झालेलं मानधन सहा लाख डॉलर. यूएफसीची वार्षिक उलाढाल तेव्हा एक अब्ज डॉलरच्या वर गेली होती. अमेरिकेतल्या मोठ्या सांघिक खेळांत उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा खेळाडूंकडे जातो, यूएफसीत तो पाचव्या हिश्श्याच्याही खाली आहे, हे लढवय्यांनी दाखल केलेल्या मक्तेदारीविरोधी खटल्यातून समोर आलं. त्या खटल्याचा एक भाग पुढे २०२४ मध्ये साडेसदतीस कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला.

इथे बॉक्सिंग आणि एमएमए यांतला एक फरक समजून घ्यावा लागतो, कारण सगळं प्रकरण त्यावर उभं आहे. बॉक्सिंगमध्ये लढत भरवणारा वेगळा, क्रमवारी लावणारी आणि पट्टा देणारी संघटना वेगळी. शिवाय अमेरिकेत २००० सालापासून मुहम्मद अलीच्या नावाचा कायदा आहे. त्यानुसार प्रवर्तकाला, म्हणजे लढत भरवणाऱ्याला, लढतीतून काय मिळणार आहे ते बॉक्सरला दाखवावं लागतं, आणि प्रवर्तकाने बॉक्सरचा व्यवस्थापकही होणं चालत नाही. एमएमएला हा कायदा लागू नाही. तिथे यूएफसीच लढत भरवते, यूएफसीच क्रमवारी चालवते आणि पट्टाही यूएफसीचाच. त्यात विजेत्याचं कलम: पट्टा जिंकला की करार आपोआप लांबतो. म्हणजे ज्या क्षणी तुमचा भाव सगळ्यात जास्त, त्याच क्षणी तुम्हाला बाजारात जायची बंदी.

या कलमाशी झगडलेला एन्गानू पहिला नव्हे. २००७ मध्ये याच हेवीवेट गटाचा विजेता रँडी कूटूर यूएफसी सोडतो म्हणाला, त्याला यूएफसीबाहेरच्या फेडोर एमेलियानेन्कोशी लढायचं होतं. प्रकरण कोर्टात गेलं, वर्ष गेलं, आणि २००८ च्या अखेरीस कूटूर परत येऊन ब्रॉक लेस्नरकडून हरला. फेडोरशी लढत झालीच नाही.

एन्गानूने कूटूरसारखी घाई केली नाही. मक्तेदारीच्या खटल्याचा दबाव असताना यूएफसीच्या करारांत कमाल मुदतीची अट आली होती, ती त्याच्या कामी आली. गानशी लढून झाल्यावर त्याने गुडघ्याची शस्त्रक्रिया करून घेतली आणि मुदत संपायची वाट पाहिली. या काळात त्याने मांडलेल्या मागण्या नुसत्या आकड्याच्या नव्हत्या. सगळ्या लढवय्यांना आरोग्य विमा हवा. बैठकीत त्यांची बाजू मांडणारा कुणीतरी हवा. स्वतःचे प्रायोजक आणायची मुभा हवी. आणि बॉक्सिंग लढायची परवानगी. यातली शेवटची मागणी बातम्यांत गाजली, पहिल्या दोन कुणाच्या फारशा लक्षात नाहीत.

यूएफसीच्याच कॉनर मॅक्ग्रेगरला २०१७ मध्ये बॉक्सर फ्लॉइड मेवेदरशी लढू दिलं, मग एन्गानूला का नाही, हा प्रश्न तेव्हा खूप विचारला गेला. उत्तर सोपं आहे. मॅक्ग्रेगर गेला तो यूएफसीच्या छत्राखाली, लढतीत यूएफसी भागीदार होती. एन्गानूला छत्रच नको होतं.

१४ जानेवारी २०२३ ला यूएफसीचे प्रमुख डेना व्हाइट यांनी जाहीर केलं की एन्गानूला करारमुक्त केलं आहे आणि पट्टा रिक्त आहे. यूएफसीच्या इतिहासातला सर्वाधिक मानधनाचा हेवीवेट होण्याइतका प्रस्ताव आपण दिला होता, याला सोपे प्रतिस्पर्धी आणि जास्त पैसे हवेत, असा त्यांचा सूर होता. सोपा प्रतिस्पर्धी म्हणून पुढे कोण निघालं? त्या वेळचा अपराजित हेवीवेट बॉक्सर.

मे महिन्यात एन्गानूने पीएफएल या प्रतिस्पर्धी संस्थेशी करार केला. त्यात मालकीचा वाटा होता, आफ्रिकेतल्या नव्या लीगचं अध्यक्षपद होतं, बॉक्सिंगची मोकळीक होती. त्याच्याविरुद्ध उतरणाऱ्यालाही किमान वीस लाख डॉलर मिळतील अशी अट असल्याचं छापून आलं. समोरच्या खेळाडूचं मानधन आपल्या करारात घालून घेणारा माणूस मी तरी आधी ऐकला नव्हता.

तिसरी फेरी

फ्युरी तेव्हा ३४ लढतींत अपराजित, एक बरोबरी. एन्गानूची ही पहिलीच व्यावसायिक बॉक्सिंग लढत. फ्युरीचा पट्टा पणाला नव्हता. लास व्हेगासमध्ये ड्युई कूपरच्या देखरेखीखाली तयारी झाली आणि सोबत होता माइक टायसन, तोच, ज्याच्याकडे बघून हे वेड लागलं होतं.

तिसऱ्या फेरीत डावा हूक फ्युरीच्या डोक्याच्या बाजूला बसला आणि पावणेसात फूट उंचीचा तो माणूस खाली गेला. एन्गानू तिथेच दोन पावलं नाचला. फ्युरी उठला, लढत पुढे सरकली, पण तिचा रंग बदलला होता.

मला त्या हूकपेक्षा बाकीच्या नऊ फेऱ्या जास्त बोलक्या वाटतात. फ्युरीची एक जुनी खोड आहे: मिठी मारायची आणि आपलं सगळं वजन समोरच्याच्या मानेवर टाकून त्याचे पाय दमवायचे. हेवीवेट बॉक्सर यात संपतात. एन्गानूवर हा उपाय चाललाच नाही. दहा वर्षं पिंजऱ्याच्या जाळीला पाठ लावून रेटारेटी केलेल्या माणसाला मिठीत वजन झेलणं हा रोजचा सराव होता. दुसरं, मिओचिचने २०१८ मध्ये त्याचा दम काढला होता, इथे त्याने दहा फेऱ्या श्वास जपून वापरला. घाई केली नाही, हवेत ठोसे उधळले नाहीत, मधूनच डावखुरा पवित्रा घेऊन फ्युरीला पुन्हा मोजमाप घ्यायला लावलं.

निकालावरून गदारोळ झाला. दोन पंचांनी फ्युरीला कौल दिला, ९६-९३ आणि ९५-९४. तिसऱ्याने एन्गानूला, ९५-९४. ‘चोरी’ हा शब्द त्या रात्री सर्रास वापरला गेला, पण गुणपत्रिका उलगडून पाहिल्या तर तो टिकत नाही. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९, आणि खाली पडलात तर ८. तिसरी फेरी १०-८ अशी एन्गानूची धरली, तर पहिल्या पंचाने उरलेल्या नऊपैकी सात फेऱ्या फ्युरीला दिल्या, दुसऱ्याने सहा, आणि ज्या पंचाने एन्गानूला जिंकवलं त्यानेही पाच फेऱ्या फ्युरीलाच दिल्या. म्हणजे तिसऱ्या पंचाच्या हिशेबात फेऱ्या पाच-पाच होत्या आणि फरक पडला तो त्या हूकने मिळवून दिलेल्या एका जादा गुणाने. दुसऱ्या पंचाच्या कागदावर एक फेरी इकडची तिकडे झाली असती तर निकाल उलटला असता. चुरशीची लढत होती, एवढंच म्हणता येतं. पहिल्याच बॉक्सिंग लढतीत जगज्जेत्याबरोबर चुरशीची लढत, हेच मुळात अचाट आहे.

त्यानंतर डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेने त्याला जागतिक क्रमवारीत दहावं स्थान दिलं. एक लढत, एक पराभव आणि जगात दहावा! आयुष्यभर लहान हॉलमध्ये वीस-वीस लढती जिंकून क्रमवारीच्या दारात उभ्या असलेल्या बॉक्सरांना काय वाटलं असेल, याचा विचार त्या संघटनेने केला नसावा.

जोशुआने काय पाहिलं

आपल्याकडे महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात. मातीवर तयार झालेला मल्ल गादीवर येतो तेव्हा ताकद तीच असते, डावही बहुतेक तेच, पण पाय वेगळा पडतो, आणि जाणता प्रतिस्पर्धी पायाकडेच बघतो. जोशुआने हेच केलं.

फ्युरी बेफिकिरीने उतरला होता. लंडन ऑलिंपिकचा सुवर्णपदकविजेता जोशुआ आणि त्याचा प्रशिक्षक बेन डेव्हिसन फ्युरीच्या लढतीची चिरफाड करून आले होते. एमएमएत समोरचा पायात शिरेल ही भीती कायम असते, म्हणून उभं राहणं रुंद, आणि डोकं मागे-बाजूला सरकण्यापेक्षा अंतरावर भरवसा जास्त. हातमोजे तिथे चार औंसांचे, बोटं मोकळी. बॉक्सिंगचे दहा औंसांचे मोजे ढालीसारखे वापरायचे असतात, आणि ही सवय दोन लढतींत अंगवळणी पडत नाही. पहिल्याच फेरीत एन्गानूने डावखुरा पवित्रा घेतला आणि जोशुआचा सरळ उजवा ठोसा आत शिरला. एन्गानू पडला, उठला. दुसऱ्या फेरीत त्याच उजव्या हाताने पुन्हा पाडला. उठल्यावर तिसऱ्यांदा जो ठोसा बसला तो पाहून पंचाने मोजायचे कष्टही घेतले नाहीत. एन्गानू निपचित पडला होता. दुसरी फेरी संपायला काही सेकंद बाकी होते.

यूएफसीच्या संपूर्ण कारकिर्दीत त्याला कुणी असं झोपवलं नव्हतं. फ्युरीने त्या रात्री जी अफवा पसरू दिली होती, की एमएमएचा हेवीवेट सरळ येऊन बॉक्सिंगच्या पहिल्या फळीत बसू शकतो, ती जोशुआने साडेपाच मिनिटांत मिटवली. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. जोशुआने १८ व्या वर्षी बॉक्सिंग सुरू करून दुसरं काहीही केलेलं नव्हतं.

देणंघेणं

फ्युरीशी लढून एका रात्रीत जे मिळालं ते यूएफसीतल्या सगळ्या वर्षांच्या कमाईपेक्षा जास्त होतं, असं एन्गानूने स्वतः सांगितलं आहे. जोशुआच्या लढतीचा आकडा त्याहून मोठा असल्याच्या बातम्या होत्या. पैशाच्या बाजूने वाद मिटतो.

दुसऱ्या बाजूला गमावलेलं आहे. जानेवारी २०२२ ते ऑक्टोबर २०२४, एमएमएची एकही लढत नाही. पस्तिशी ते अडतिशी, हेवीवेटची पिकती वर्षं. त्याने सोडलेल्या पट्ट्यासाठी मार्च २०२३ मध्ये जॉन जोन्स आणि गान लढले, आणि ज्या गानला एन्गानूने पाच फेऱ्या घेऊन हरवलं होतं त्याला जोन्सने पहिल्याच फेरीत गळा आवळून संपवलं. एन्गानू-जोन्स ही एका पिढीची लढत होती. ती झाली नाही, आणि २०२५ च्या जूनमध्ये जोन्सची निवृत्ती जाहीर झाली. एन्गानूकडून तो पट्टा पिंजऱ्यात कुणी घेतला नाही, हे खरं. पण महानतेच्या यादीत ‘न हरलेला’ आणि ‘सगळ्यांना हरवलेला’ यांत फरक केला जातो, आणि एन्गानू पहिल्या रकान्यात अडकला. माझ्या मते बॉक्सिंगची खरी किंमत ही आहे, जोशुआचा ठोसा नव्हे.

एप्रिल २०२४ मध्ये, जोशुआच्या लढतीनंतर दोन महिन्यांच्या आत, त्याचा पंधरा महिन्यांचा मुलगा कोबे गेला. पुन्हा लढेन की नाही हेच माहीत नाही, अशा मनःस्थितीतून तो १९ ऑक्टोबर २०२४ ला रियाधमध्येच पीएफएलच्या पिंजऱ्यात उतरला. समोर उंचापुरा रेनन फेरेरा. एन्गानूने त्याला खाली घेतलं, वर बसून ठोसे लावले, पहिल्याच फेरीत लढत संपली, आणि तो रडला. बॉक्सिंगमधून आलेल्या माणसाने ही लढत जमिनीवर जिंकली, याची तांत्रिक चर्चा त्या दिवशी कुणी केली नाही, ते योग्यच होतं.

खेळ बदलणाऱ्या इतरांकडे पाहिलं तर एन्गानूचं वेगळेपण दिसतं. मॅक्ग्रेगर मेवेदरकडून दहाव्या फेरीत हरला, अमाप पैसा घेऊन आला आणि त्यानंतर एमएमएत त्याच्या खात्यावर एकच विजय आहे. अँडरसन सिल्व्हाने ४६ व्या वर्षी हुलिओ सेझार चावेझ ज्युनियरला त्याच्याच मेक्सिकोत हरवलं, निखळ बॉक्सिंगच्या दृष्टीने ही सगळ्यांत सरस कामगिरी, पण तोवर सिल्व्हाची एमएमए कारकीर्द संपली होती. बेन आस्क्रेन, टायरन वूडली हे जेक पॉलच्या यूट्यूबी जत्रेतले पाहुणे ठरले. पट्टा कमरेला असताना यूएफसीतून उठून गेलेला यांत फक्त एन्गानू.

मग त्याच्या वाटेने बाकीचे का गेले नाहीत? कारण ती वाट सगळ्यांसाठी नाही. एन्गानू हेवीवेट होता, आणि एका ठोशात काहीही होऊ शकतं ही आशा फक्त हेवीवेटमध्ये विकली जाते. कराराची मुदत नेमकी संपत आली होती. गुडघा तसाही वर्षभर घरी बसवणार होता. आणि मुख्य म्हणजे सौदीच्या मनोरंजन खात्याचे प्रमुख तुर्की अलालशिख यांच्या ‘रियाध सीझन’ या महोत्सवाला तेव्हा अशाच लढती हव्या होत्या, तिकीटविक्रीचा हिशेब न मांडता. १५५ पौंडांच्या, म्हणजे हलक्या वजनगटातल्या, एखाद्या उत्तम लढवय्याने उद्या यूएफसीकडे पाठ फिरवली तर त्याच्यासाठी रियाधहून विमान येणार नाही. एन्गानूने दार उघडलं हे म्हणणं चुकीचं नाही, पण ते दार त्याच्याच मापाचं होतं.

बातिएत त्याच्या फाउंडेशनने उभारलेली जिम आहे. पीएफएल आफ्रिकाचे सामने २०२५ मध्ये केप टाउनपासून सुरू झाले. विम्याची आणि प्रतिनिधित्वाची मागणी यूएफसीत होती तिथेच आहे.

दरम्यान मार्च २०२५ मध्ये यूएफसीच्या मालक कंपनीने, टीकेओने, अलालशिख आणि सौदीच्या सेला कंपनीबरोबर स्वतःची बॉक्सिंग संस्था काढत असल्याचं जाहीर केलं. १३ सप्टेंबरला लास व्हेगासमध्ये कनेलो अल्वारेझ आणि टेरेन्स क्रॉफर्ड यांची लढत झाली तेव्हा प्रवर्तकाच्या खुर्चीत डेना व्हाइट होते. त्याच वर्षी अलीच्या नावाच्या कायद्यात बदल सुचवणारं विधेयक अमेरिकी काँग्रेसमध्ये मांडलं गेलं, आणि टीकेओ त्याच्या पाठीशी आहे. त्यात बॉक्सरांसाठी किमान मानधन आणि विम्याची तरतूद आहे. सोबत एकाच संस्थेला लढत भरवण्याची, क्रमवारी लावण्याची आणि पट्टा देण्याची मुभाही आहे.